मधूनच एक बाजू गप्प होणारा ॲम्प्लिफायर : दोष पकडायचा कसा आणि काढायचा कसा

पूर्ण बंद पडलेला ॲम्प दुरुस्त करणं त्या मानाने सोपं. फ्यूज उडालेला असतो किंवा आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट असतो, मीटर लावला की दोष समोर येतो. खरा घाम काढतो तो लहर लागेल तसा वाजणारा ॲम्प. तासभर छान वाजतो, मग डावा स्पीकर गप्प. आवाज वाढवला की खट्कन परत येतो. दुकानात नेला की दिवसभर बिनतक्रार चालतो आणि घरी आणला की संध्याकाळी पुन्हा तेच.

असा दोष तो हजर असतानाच पकडावा लागतो. झाकण उघडून चार कनेक्टर हलवले, सगळीकडे स्प्रे मारला आणि ॲम्प वाजू लागला, तर हाती काहीच लागलेलं नसतं. दोष पंधरा दिवसांनी परत येतो आणि तेव्हा नेमकं काय हलवल्यामुळे तो गेला होता हे सांगता येत नाही. म्हणून आधी जागा निश्चित करायची, मगच हात घालायचा. सगळे कंडेन्सर बदलून टाका, असा सल्ला सर्रास दिला जातो. या प्रकारच्या दोषात तो बहुतेक वेळा वाया जातो, कारण दोष सुट्या भागात कमी आणि जोडणीत जास्त असतो: रिलेचे (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या, विजेने चालणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट, सोल्डरचे सांधे, स्विच, व्हॉल्यूम, सॉकेट.

इथे दिलेली पद्धत ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या, दर चॅनेलला साधारण ३० ते १०० वॉटच्या स्टिरिओ ॲम्पसाठी आहे. १९८०-९०च्या दशकांतले जपानी ॲम्प आणि रिसीव्हर, तसंच ५२००-१९४३ या ट्रान्झिस्टर जोडीवर आपल्याकडे बांधून मिळणारे असेम्बल्ड ॲम्प यात बसतात. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून जास्त डीसी असतो आणि एसएमपीएसवर (साध्या ट्रान्सफॉर्मरऐवजी वेगाने स्विच होणाऱ्या सप्लायवर) चालणाऱ्या क्लास-डी ॲम्पला पुढे दिलेली सिरीज बल्बची युक्ती नीट लागू पडत नाही, म्हणून त्या दोघांवर हे जसंच्या तसं करू नका.

झाकण उघडण्याआधी

दोष दिसेल तेव्हा पुढच्या गोष्टी कागदावर लिहा. एकच चॅनेल जातो की दोन्ही एकदम? दोन्ही एकदम जात असतील तर शोध सप्लाय, म्यूट आणि प्रोटेक्शन (धोका दिसला की रिले सोडून स्पीकर तोडणारं सर्किट) यांच्यापुरता मर्यादित होतो. आवाज जाताना आतून रिलेचा 'टक्' ऐकू येतो का? येत असेल तर प्रोटेक्शन सर्किट स्पीकर तोडतंय. थंड असताना जातो की तासाभराने गरम झाल्यावर? व्हॉल्यूम वाढवला की परत येतो का? सिलेक्टर, बॅलन्स किंवा टेप मॉनिटरचं बटण नुसतं हलवलं तरी फरक पडतो का? या उत्तरांवरच अर्धं काम होतं.

मग अदलाबदल करून बघा. प्रत्येक वेळी ॲम्प बंद करूनच वायर काढायच्या. समजा डावा स्पीकर जातोय.

१. सोर्सच्या दोन आरसीए पिना ॲम्पच्या बाजूला डाव्या-उजव्या बदला. दोष आता उजव्या स्पीकरवर गेला तर सोर्स किंवा त्याची वायर खराब आहे. ॲम्प निर्दोष.

२. दोष डावीकडेच राहिला तर पिना पूर्ववत करा आणि ॲम्पमागच्या स्पीकरच्या वायरी आपसात बदला. तरीही डावाच स्पीकर गप्प होत असेल तर स्पीकर किंवा त्याची वायर बघा. दोष उजव्या स्पीकरवर सरकला तर ॲम्पचा डावा चॅनेल दोषी.

३. सोर्स दुसऱ्या इनपुटला लावा. एकाच इनपुटवर दोष येत असेल तर ते सॉकेट किंवा सिलेक्टर स्विच.

४. हेडफोन लावा. बऱ्याच ॲम्पमध्ये हेडफोनचा सिग्नल रिलेच्या आधीच, एका रेझिस्टरमधून काढलेला असतो. स्पीकर गप्प आणि हेडफोनमध्ये मात्र दोन्ही बाजू ठणठणीत, असं असेल तर रिले किंवा स्पीकर ए-बी स्विच. सर्किट डायग्राम मिळाला तर हेडफोन नक्की कुठून घेतलाय ते पडताळा, काही ॲम्पमध्ये तो रिलेच्या नंतर असतो.

मागच्या बाजूला 'टेप आउट' किंवा 'रेक आउट' सॉकेट असेल तर त्याचा फार उपयोग होतो. हा सिग्नल सिलेक्टरनंतर पण व्हॉल्यूमच्या आधी निघतो. तिथे कॉम्प्युटरचे साधे पॉवर्ड स्पीकर जोडून ठेवा. डावा चॅनेल गेला त्या क्षणी टेप आउटवर तो ऐकू येतोय का बघा. येत असेल तर सिलेक्टरपर्यंतचा सगळा भाग निर्दोष, दोष पुढे आहे. तोही गेला असेल तर पॉवर ॲम्पकडे, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या शेवटच्या भागाकडे, बघायचंच नाही. 'प्री आउट' आणि 'मेन इन' यांच्यामध्ये यू आकाराच्या धातूच्या क्लिपा असतील तर त्या आधी काढून बारीक स्कॉच-ब्राइटने घासा आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून परत बसवा. कित्येक ॲम्प एवढ्यानेच सुधारतात.

उघडताना

प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही, कारण फ्यूज आणि पॉवर स्विचवर २३० व्होल्ट तसाच असतो. मेन फिल्टर कंडेन्सर ६,८०० किंवा १०,००० मायक्रोफॅरडचे असतात आणि त्यांवर ३५ ते ६० व्होल्ट असतो. ते स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करायची सवय वाईट. ठिणगीने टोक वितळतं आणि कंडेन्सरच्या आतल्या जोडणीलाही धक्का बसतो. १०० ओहम, १० वॉटच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड क्लिपा लावा, प्रत्येक कंडेन्सरवर १० सेकंद धरा आणि मग मीटरने २ व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा.

साहित्य फार लागत नाही. डिजिटल मीटर, सोल्डरिंग आयर्न (टेम्परेचर कंट्रोलचं असेल तर उत्तम), ६०/४० किंवा ६३/३७ सोल्डर, फ्लक्स, डीसोल्डर पंप, ९९ टक्के आयपीए, कॉन्टॅक्ट क्लीनर, १० पटीचं भिंग, हेअर ड्रायर, फ्रीझ स्प्रे आणि स्पीकरऐवजी लोड म्हणून लावायला ८ ओहम, ५० वॉटचे दोन रेझिस्टर. शिवाय सिरीज बोर्ड: सॉकेटच्या फेजमध्ये ६० किंवा १०० वॉटचा तारेचा जुना पिवळा बल्ब. एलईडी बल्ब इथे चालत नाही. दुरुस्तीनंतर ॲम्प पहिल्यांदा नेहमी या बोर्डवरच लावायचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बोर्डवर असताना लोड लावू नका. व्होल्टेज कमी मिळत असल्याने काही ॲम्पचा रिले या वेळी लागत नाही, त्याने घाबरून जाऊ नका.

चालू ॲम्पमध्ये मोजताना प्रोब हातात धरून आत घालू नका. टोक घसरून आउटपुट ट्रान्झिस्टरचे दोन पाय जुळले तर अख्खा चॅनेल एका क्षणात जातो. ॲम्प बंद असताना क्लिप लावा, मग चालू करा, आकडा वाचा, बंद करा.

रिले

आवाज वाढवल्यावर परत येणारा चॅनेल म्हणजे दहातले आठ वेळा रिले. कारण समजून घेण्यासारखं आहे. या रिलेचे कॉन्टॅक्ट चांदीच्या मिश्रधातूचे असतात. देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन काही दिवस घासलं नाही तर काळं पडतं, तेच इथे होतं: हवेतल्या गंधकाने सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर चढतो. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत तो लवकर चढतो. हळू आवाजात कॉन्टॅक्टवर येणारा व्होल्टेज इतका कमी असतो की तो हा थर भेदू शकत नाही. आवाज वाढवला की काही व्होल्ट पडतात, थर फुटतो आणि आवाज परत येतो. दुसऱ्या दिवशी रिले सुटून पुन्हा लागतो तेव्हा कॉन्टॅक्ट नव्या जागी टेकतो आणि खेळ पुन्हा सुरू. पूर्ण गप्प होण्याआधी कित्येक महिने एका बाजूचा आवाज नुसता पातळ, चिरका येत असतो आणि लोक स्पीकर बदलत बसतात.

रिलेचा ओहम मोजून निदान करू नका. मीटरच्या वायरचाच ०.२-०.३ ओहम असतो, त्यात काही कळत नाही. आउटपुटला ८ ओहमचा लोड लावा, फोनवरून २०० ते ४०० हर्ट्झचा टोन द्या आणि लोडवर २ व्होल्ट एसी येईल इतका व्हॉल्यूम ठेवा. १ किलोहर्ट्झचा टोन घेऊ नका, बरेच स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर एसी अचूक दाखवत नाहीत. आता लोडमधून पाव अँपिअर वाहतोय. रिलेच्या ज्या दोन पायांमधून त्या चॅनेलचा सिग्नल जातो त्यांच्यामध्ये एसी मिलिव्होल्ट मोजा. चांगल्या रिलेवर ५ ते १० मिलिव्होल्ट मिळतात. १०० मिलिव्होल्ट म्हणजे ०.४ ओहम, तो रिले गेला. आकडा स्थिर न राहता नाचत असेल तरीही तेच. ज्या मीटरची एसी रेंज २०० व्होल्टपासूनच सुरू होते तो इथे उपयोगाचा नाही. एकदा चांगला आकडा आला म्हणून थांबू नका. ॲम्प दहा वेळा बंद-चालू करून दहा आकडे घ्या, कारण कॉन्टॅक्ट दर वेळी थोडा वेगळा टेकतो.

रिलेचं पारदर्शक झाकण निघत असेल तर साध्या, लेप नसलेल्या जाड कागदाची ५ मिलिमीटर रुंद पट्टी कॉन्टॅक्ट क्लीनरने ओली करा, कॉन्टॅक्टमध्ये घाला, बोटाने हलके दाबून ओढा. पट्टीवर काळी रेघ उठते. रेघ उठायची थांबेपर्यंत नवी पट्टी घ्या. पॉलिश पेपर किंवा कानस कधीही नाही. वरचा चांगला थर निघून जातो आणि ओरखड्यांत पुढचा थर आणखी लवकर बसतो. तसंही ही सफाई निदान पक्कं करण्यापुरती समजा आणि नवा रिले घाला. नवा घेताना चार गोष्टी जुळवा: कॉइलचा व्होल्टेज (बहुधा २४, काही ठिकाणी १२), कॉइलचा ओहम, पायांची मांडणी आणि कॉन्टॅक्टची किमान ५ अँपिअर क्षमता. कॉइलचा ओहम जुन्यापेक्षा फारच कमी असेल तर तो चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर तापून जातो.

ड्राय सोल्डर

गरम झाल्यावर जाणारा किंवा वरून थाप मारल्यावर येणारा चॅनेल असेल तर ड्राय सोल्डर, म्हणजे तडा गेलेला सांधा, शोधा. ॲम्प तापतो तेव्हा पाय, सोल्डर आणि बोर्ड वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. रोजच्या तापण्या-निवण्याने वर्षानुवर्षांत पायाभोवती तडा जातो. जुन्या एकतर्फी बोर्डवर छिद्राच्या आत तांबं नसतं, पाय फक्त खालच्या सोल्डरवर तोललेला असतो, म्हणून तिथे हे जास्त.

बोर्डची सोल्डरची बाजू वर करा, टॉर्च अगदी तिरपा धरा आणि भिंगातून बघा. चांगला सांधा तंबूसारखा, पायावर चढत गेलेला दिसतो. तडा गेलेल्या सांध्यात पायाभोवती केसाएवढी काळी गोल रेघ दिसते, जणू पाय एका छोट्या खळग्यात उभा आहे. टॉर्च फिरवला की ती रेघ दिसते आणि लपते, म्हणून प्रत्येक सांधा दोन बाजूंनी बघायचा. शोध या क्रमाने घ्या: आरसीए सॉकेट, स्पीकर टर्मिनल, आउटपुट ट्रान्झिस्टरचे पाय, पांढरे सिमेंटचे एमिटर रेझिस्टर (आउटपुट ट्रान्झिस्टरला जोडलेले), हीटसिंकवरचे रेग्युलेटर, उभे बसवलेले वॉटेज रेझिस्टर (भोवती बोर्ड तपकिरी झालेला असेल तर नक्कीच), बोर्ड-टू-बोर्ड कनेक्टर, हेडफोन जॅक आणि शेवटी रिलेचे पाय.

डोळ्यांना सापडलं नाही तर ॲम्प हळू आवाजात चालू ठेवून जुन्या टूथब्रशच्या प्लॅस्टिकच्या दांड्याने एकेक भाग हळूच दाबा. ठोकू नका. ठोकल्याने अख्खा बोर्ड हलतो आणि दोष दहा इंच लांबचा असला तरी इथेच असल्यासारखा वाटतो. जिथे सगळ्यात कमी दाबाने आवाज जातो-येतो ती जागा. तापल्यावरच दोष येत असेल तर हेअर ड्रायरने बोर्डचा एक भाग तापवा, दोष आला की एकेका भागावर फ्रीझ स्प्रेचा छोटा फवारा मारा. ज्या भागावर मारल्यावर आवाज परत येतो तो भाग किंवा त्याचा सांधा. पावसाळ्यात गार भागावर लगेच दंव धरतं, त्यामुळे स्प्रे अगदी बेताने मारा आणि २३० व्होल्टच्या बाजूला मुळीच मारू नका.

सांधा परत करताना नुसता आयर्न टेकवून जुनं सोल्डर वितळवू नका. काही महिन्यांत तडा परत येतो. जुनं सोल्डर पंपाने काढा, पाय काळा असेल तर हळूच खरवडा, फ्लक्स लावा, सुमारे ३५० अंशांवर २-३ सेकंद पाय आणि तांबं दोन्ही तापवून नवं सोल्डर द्या. रुंद अर्थ पट्टीला २५ वॉटचं आयर्न पुरत नाही, ६० वॉट घ्या. युरोपात शिसं वापरण्यावर जुलै २००६ पासून निर्बंध आले, त्यामुळे त्यानंतरच्या अनेक ॲम्पमध्ये शिसेविरहित सोल्डर आहे. तिथे जुनं पूर्ण काढल्याशिवाय ६०/४० घालू नका.

भिंग हातात आहे तोवर दोन गोष्टी आणखी बघा. मोठे कंडेन्सर चिकटवायला वापरलेला पिवळा डिंक जुना होऊन तपकिरी पडला असेल तर तो वीज वाहू लागतो आणि खालच्या पायांना गंजवतो. आयपीए लावून मऊ करून प्लॅस्टिकच्या टोकाने पूर्ण काढा. आपल्याकडे ॲम्पच्या उबेला झुरळं आणि पाली हमखास येतात. त्यांची घाण बोर्डवर ओल धरते आणि तांबं हिरवं करते. ब्रश आणि आयपीएने ती जागा धुऊन एक दिवस सुकू द्या.

स्विच आणि व्हॉल्यूम

खरखरणाऱ्या व्हॉल्यूमच्या आत, पायांजवळच्या फटीतून क्लीनरचे एक-दोन छोटे फवारे मारा आणि नॉब टोकापासून टोकापर्यंत २५-३० वेळा फिरवा. व्हॉल्यूमसाठी वंगण असलेला, स्विचसाठी कोरडा होणारा क्लीनर घ्या. बिजागरीला मारतो तो गंज सोडवायचा नेहमीचा स्प्रे नको, त्याचा तेलकट थर मागे राहून धूळ धरतो. टेप मॉनिटर, लाउडनेस, टोन डिफीट, मोनो ही बटणं वर्षानुवर्षं कोणी दाबत नाही, पण सिग्नल त्यांतूनच जातो. प्रत्येक बटण स्प्रे मारून २० वेळा दाबा.

साफ केलेला व्हॉल्यूम महिन्याभरात पुन्हा खरखरला तर दोष व्हॉल्यूममध्ये नसतो. सिग्नल बंद ठेवून मधल्या पायावर डीसी मोजा. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त डीसी येत असेल तर आधीचा किंवा नंतरचा कपलिंग कंडेन्सर (सिग्नल जाऊ देणारा, डीसी अडवणारा) गळतोय. तो बदला, तोच व्हॉल्यूम परत गुळगुळीत चालेल.

पॉवर ॲम्प बोर्डवरच्या बायस प्रीसेटला (सिग्नल नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट, म्हणजे बायस, ठरवणाऱ्या छोट्या फिरत्या रेझिस्टरला) मात्र असा स्प्रे मारून फिरवू नका. काही सर्किटमध्ये त्याचा कॉन्टॅक्ट क्षणभर सुटला तरी बायस कमाल होतो आणि आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात. ॲम्प बंद असताना प्रीसेटची जागा मार्करने खुणवा, ओहम लिहून ठेवा. तो नाचत असेल तर त्याच किमतीचा नवा बंदिस्त प्रीसेट आधी त्याच ओहमवर लावून बसवा.

'टक्' करून दोन्ही बाजू जातात तेव्हा

आधी सोपं बघा: स्पीकर वायरचा एखादा केस शेजारच्या टर्मिनलला लागलाय का, ४ ओहमचे दोन जोड एकदम लावलेत का, ॲम्प बंद कपाटात गुदमरतोय का. हे सगळं ठीक असेल तर स्पीकर काढा आणि रिलेच्या आधी, म्हणजे एमिटर रेझिस्टर जिथे जुळतात तिथे, दोन्ही चॅनेलचा डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत हवा. रिले सुटतानाही आकडा तेवढाच राहिला तर पॉवर ॲम्प निर्दोष आहे. दोष प्रोटेक्शन सर्किटमध्ये: कॉइलचा सप्लाय, तिथला सुकलेला ४७ ते २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर किंवा तिथलाच एखादा सांधा. आकडा रिले सुटण्याआधी वर चढत असेल तर त्या चॅनेलची इनपुटची ट्रान्झिस्टर जोडी आणि तिच्या भोवतालचे सांधे फ्रीझ स्प्रेने तपासा.

रिलेला बायपास करून तात्पुरता चालवा, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला आणि ४० व्होल्ट डीसी थेट स्पीकरवर गेला, तर ६ ओहमच्या व्हॉइस कॉइलमध्ये साधारण २६७ वॉट नुसती उष्णता होते. कॉइल काही सेकंदांत जळते आणि कोनला आगही लागू शकते.

आउटपुट ट्रान्झिस्टर बदलायची वेळ आलीच तर ५२००-१९४३ खात्रीच्या दुकानातूनच घ्या. या जोडीच्या नकला बाजारात भरपूर आहेत आणि त्या पहिल्या जोराच्या आवाजाला जातात.

दुरुस्तीनंतर

सिरीज बोर्डवर एकदा, मग थेट मेनवर. सिग्नलशिवाय २० मिनिटं तापू द्या, डीसी ऑफसेट (आउटपुटवरचा डीसी) पुन्हा मोजा आणि बायस सर्व्हिस मॅन्युअलशी जुळवा. ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे ४५ मिलिअँपिअर. त्यानंतर रोज चार तास हळू आवाजात वाजवा आणि रात्रभर पूर्ण गार होऊ द्या, असं किमान तीन दिवस. हळू आवाज मुद्दाम, कारण मोठ्या आवाजात खराब कॉन्टॅक्टही चांगला वाटतो. झाकण लावण्याआधी दोन्ही चॅनेलचे ऑफसेट, बायस, रिलेवरचे मिलिव्होल्ट आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून ती झाकणाच्या आतल्या बाजूला, ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकपासून लांब चिकटवा.